परक्या हातानं आवळलेला फिल्टर

फिल्टर निघेना, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हा मी आवळलेला नाही.

माणसाला स्वतःच्या हाताची ओळख असते. मी बांधलेलं दावं आणि दुसऱ्यानं बांधलेलं दावं, गाठीला बोट लावलं की मला फरक कळतो. गाडीचंही तसंच. आमच्याकडं जुनी डिझेल गाडी आहे. तिचं ऑइल मी बदलतो, फिल्टर मी बदलतो, फॅनचा पट्टा मी बदलतो. आजवर कुण्या गॅरेजवाल्याला तिचं बॉनेट उघडू दिलेलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही सलग नाही. पण उमेदीची सगळी वर्षं मी उसाच्या ट्रकवर काढली आणि त्या ट्रकनं मला कधी अर्ध्या वाटेत उतरवलं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. सांगतोय कारण पुढं जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी एवढंच, की ऑइल फिल्टर म्हणजे तांब्याएवढा पत्र्याचा डबा. इंजिनातलं ऑइल त्यातून गाळून फिरतं. डब्याच्या तोंडाला आतून स्क्रूसारखे आटे असतात, कडेला रबराची गोल कडी असते. इंजिनाला आट्यांची एक आखूड नळी असते, तिच्यावर डबा फिरवून बसवायचा. रबराला बोटभर ऑइल चोळायचं, डबा हातानं फिरवायचा, रबर टेकलं की हाताच्या जोरानंच आणखी थोडा आवळायचा. पाना लावायचा नाही. हातानं बसवलेला डबा हातानं निघतो. माझा कायम निघत आला.

त्या शनिवारी ऑइल बदलायचा दिवस होता, आणि तो निघेना.

आमच्या गोठ्यामागं मी एक खड्डा खणून ठेवलाय, माणूस कमरेतून वाकून उभा राहील एवढा. त्याच्यावर गाडी घेतली की खालून काम करता येतं. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट काढून जळकं ऑइल घमेल्यात सोडलं. नवं ऑइल, नवा फिल्टर शेजारी पोत्यावर मांडून ठेवला होता. फिल्टरला हात घातला आणि फिरवला. हलला नाही. हात पुसला, फडकं धरून फिरवला. नाही. पॉलिश पेपर उलटा करून डब्याला लावला, म्हणजे पकड चांगली येते, दोन्ही हातांनी जोर केला. माझे खांदे गाडीच्या बुडाला लागले, पण डबा होता तिथंच.

उशीर करून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुलगा येणार होता.

मुलाचं आणि माझं काय ठरलं होतं ते सांगितलं पाहिजे. तो पुण्यात कंपनीत असतो. मागच्या खेपेला आला, तेव्हा त्यानं गाडी जागची हलवली आणि खाली काळा डाग दिसला. त्यानं डागात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि मला दाखवलं.

"तात्या, ऑइल गळतंय. तुम्हाला हे आता झेपत नाही. काढून टाकू गाडी."

मी म्हणालो, रबर जरा बसलं नसेल, आवळतो. त्यावरून शब्द वाढला. शेवटी तो म्हणाला, पुढच्या वेळी आलो आणि गाडीखाली थेंब दिसला तर किल्ली मी घेऊन जाणार. माझ्याही तोंडातून निघून गेलं, सुनेसमोर:

"एक थेंब जरी दिसला तरी घिऊन जा. मी मागनार न्हाई."

बोललेलं मी फिरवत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता गाडी गेल्यानं माझं काय जाणार होतं? मी सायकलवरही फिरेन. पण आमच्या बायकोचे दोन्ही गुडघे गेलेत. एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही, रिक्षात गुडघे दुमडत नाहीत. सोनईचा बाजार, श्रीरामपूरचा डॉक्टर, तिच्या बहिणीकडचं हळदीकुंकू, सगळं त्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून. किल्ली गेली असती तर ती घरात बसली असती आणि मी तिच्यासमोर बसलो असतो. एवढं साधं होतं ते.

मुलगा गेल्यावर मी खाली जाऊन डबा हातानं आवळला, पुसून लख्ख केला. त्यानंतरही एखादा थेंब पडायचा. मी खाली पोतं टाकायचो. मग मध्ये नात्यातल्या लग्नाला खर्ड्याला जाऊन आलो, गावातल्या मंडळींबरोबर टेम्पोनं, मुक्कामी; बायको गुडघ्यांमुळं घरीच राहिली. आल्यावर पाहिलं तर पोतं कोरडं. रबर बसलं, असं मी धरून चाललो. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर चार लोकांत सांगितलंसुद्धा, की माझ्या हाताचं काम असं असतं.

आणि आता तोच डबा माझ्याच हातानं निघत नव्हता.

खड्ड्याच्या काठावर बायको दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा विचारलं, निघतोय का. दुसऱ्यांदा म्हणाली, राहू द्या ना तो, जुनाच चांगला असंल की. मी वर पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईनं गाडीत पेट्रोल घालतात की डिझेल हे कधी विचारलं नाही. आज तिला फिल्टर जुना की नवा याची काळजी कशी? मी ते मनात ठेवलं.

डिझेलमध्ये फडकं भिजवून डबा पुसला. वरची काळी चिकट धूळ निघाली आणि खाली पत्र्यावर ओरखडे दिसले. रांगेनं, बारीक, तिरपे. दोन बाजूंना, समोरासमोर. मी बॅटरी धरून पाहिलं. ते पाईप पान्याचे दात होते. नळाचा पाईप आवळायला दातेरी जबड्याचा पाना असतो, तो या डब्याला कुणीतरी लावला होता. माझ्याकडं पाईप पाना नाही, कधी नव्हता.

म्हणजे माझ्या माघारी कुणीतरी या खड्ड्यात उतरलं होतं. शिंगणापूर आमच्यापासून जवळ आहे, तिथं घरांना दारं नाहीत म्हणून सगळीकडून लोक बघायला येतात. मी लहानपणापासून ते गाव पाहतोय, आणि माझ्या घराला दोन कुलपं आहेत. पण गाडीच्या पोटाला कुलूप कुठून लावणार?

मी खड्ड्याच्या कडेला बसलो आणि एकेकाचा विचार करू लागलो.

पहिला डोळ्यापुढं आला तो फाट्यावरचा गॅरेजवाला. तो मला भेटला की म्हणतो, बाबा, एकदा आणा की गाडी, बघून देतो. मी म्हणतो, माझी गाडी आजारी पडत नाही. तो हसतो. त्याचं हसणं मला कधीच सरळ वाटलं नाही. मध्यंतरी आमच्या आळीत एक ट्रॅक्टर बंद पडला होता, तो न्यायला गॅरेजवाला आला होता आणि बराच वेळ रेंगाळला. फिल्टर असा आवळून ठेवायचा की म्हाताऱ्याला निघू नये, मग म्हातारा येतोच गॅरेजला. पण गॅरेजवाल्याकडं फिल्टरचा वेगळा पट्टा पाना असतो. डब्यावर दात उठवून तो आपलंच नाव कशाला खराब करील? तेवढा तो हुशार आहे.

मग मुलगा. स्वतःच्या पोरावर असा संशय घ्यावा का? घेतला. त्याला यंत्रातलं कळतं. मागच्या खेपेला निघायच्या दिवशी तो माझ्याआधी उठला होता, दात घासत गाडीभोवती फिरत होता. गाडी विकायची तर आधी माझा हात थकलाय हे सिद्ध व्हायला पाहिजे. फिल्टर निघाला नाही की मीच म्हणणार, मला जमत नाही. गाडीचं पोट उघडं, ऑइल घमेल्यात, आणि तो रविवारी दारात उभा. तो गेल्यावर डबा मीच आवळून पुसला होता हे विसरून, असा सगळा बेत मला अगदी स्वच्छ दिसायला लागला. मी फोन लावला.

विचारलं, तू गेल्या वेळी गाडीला हात लावला होतास का. तो म्हणाला, कुठं, मी कशाला लावू? मग जरा थांबून म्हणाला, का, काय झालं? मी म्हणालो काही नाही आणि फोन ठेवला. ठेवल्यावर कळलं, की आता उलट त्याला संशय आलाय. आता तो येईल तो सरळ गाडीखालीच वाकेल.

धाकट्या भावाचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. पण तो बांधापलीकडं राहतो आणि त्यानं बांधावरची बाभळ मला न विचारता तोडल्यापासून आमचं बोलणं बंद आहे. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर तो चपला शोधायला लागतो, मी पाणी प्यायला जातो. तो माझ्या आवारात पाय ठेवील हे मला पटेना. आणि ठेवला तरी माझा फिल्टर आवळायला? नासधूस करायची तर माणूस टायरमध्ये खिळा घालतो.

तेवढ्यात बायको तिसऱ्यांदा आली. हातात चहा. म्हणाली, जरा दमानं घ्या, उद्या पोरगा आल्यावर तोच काढील. मी चहा घेतला नाही. म्हणालो, पोरगा आल्यावर किल्ली काढील. ती तिथंच, खड्ड्याच्या कडेला, खुर्ची ओढून बसली. गुडघ्यांमुळं तिला खुर्ची लागते. उन्हात बसायचं तिला काही कारण नव्हतं.

फॅनचा जुना पट्टा होता, तो डब्याभोवती गुंडाळून त्यात लोखंडी पहार अडकवली आणि पिळला. हा आम्हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय. पट्टा घसरला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा धरला आणि डबा फिरायच्या ऐवजी चेपला.

आता एकच उरलं होतं. मोठा स्क्रू ड्रायव्हर हातोडीनं डब्यातून आरपार ठोकायचा आणि त्याला दांडा धरून फिरवायचं. ट्रकवर असताना मी ते केलंय, पण हे करताना माणूस आधी विचार करतो. डब्याला भोक पडलं की मागं फिरता येत नाही. निघाला तर निघाला, नाहीतर गाडी जागची हलणार नाही आणि गॅरेजवाल्यालाच घरी बोलवावं लागणार. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तशी ती वरून म्हणाली, नका हो फोडू त्याला. मी ठोकला.

काळं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. स्क्रू ड्रायव्हरला जोर दिला तर पत्रा कागदासारखा फाटत गेला, भोकाचं भगदाड झालं आणि डब्याचं तोंड मात्र इंजिनाला चिकटलेलंच. शिव्या मी मनातल्या मनात दिल्या, कारण ती वर बसली होती. शेवटी छिन्नी घेतली. डब्याच्या तोंडाशी जाड कडा असते, तिच्यावर छिन्नी तिरपी धरून उलट्या दिशेनं ठोके घालत गेलो. डोळ्यांत घाम, वर इंजिन, हातोडी फिरवायला जागा वीतभर. बऱ्याच वेळानं करकर असा आवाज झाला. डबा केसभर सरकला. मग आणखी थोडा. मग हातानं फिरवत फिरवत खाली घेतला.

फाटलेला डबा हातात, आणि मी आधी इंजिनाकडं पाहिलं. आट्यांच्या नळीवर पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं. नखानं उकरलं. पांढऱ्याच्या आत धागा होता. सुताचा, आट्यांमध्ये नीट, एका दिशेनं गुंडाळलेला.

मला कुणाचंही नाव विचारावं लागलं नाही.

बोअरमध्ये पाण्याची मोटर सोडतात, तेव्हा लोखंडी पाईप एकाला एक जोडत खाली सोडावे लागतात. जोडावर पाणी गळू नये म्हणून पाईपच्या आट्यांना सफेदा लावतात, म्हणजे पांढरा लेप, आणि त्यावर सुताचा धागा गुंडाळून पाईप पान्यानं करकचून आवळतात. असा जोड वर्षानुवर्षं पाण्याखाली राहतो. आमच्या पंचक्रोशीत मोटर काढायचं आणि सोडायचं काम माझा धाकटा भाऊ करतो. आणि धागा इतका सरळ गुंडाळणारा तोच. लहानपणी पतंगाचा मांजासुद्धा तो असाच गुंडाळायचा.

माझ्या डोक्यात जे आलं ते लिहायला मला संकोच वाटत नाही. हा धागा ऑइलमधून आत गेला असता तर ऑइलची वाट बुजली असती आणि इंजिन जागेवर जाम झालं असतं. बाभळीवरून त्यानं माझ्या इंजिनाचा जीव घ्यायचा घाट घातला, असं मला वाटलं. वाटलं कशाला, खात्रीच झाली. मी खड्ड्यातून वर आलो, फाटका डबा हातात धरून, ऑइल ठिबकत, आणि बांधाच्या दिशेनं चालू लागलो.

बायको खुर्चीवरून उठली. पटकन उठायला तिला जमत नाही, त्या दिवशी उठली.

"थांबा. मीच बोलवलं हुतं त्यांना."

मी थांबलो. वळलो नाही.

"तुमी खर्ड्याला गेल्ता तवा. रोज थेंब पडत हुता. तुमी पोतं टाकून झाकत हुता, मला दिसत न्हाई व्हय? भावजींना म्हन्लं, काय बी करा पन त्यो थेंब थांबवा. त्यांनी थांबवला."

मी विचारलं, गॅरेजवाल्याला का नाही बोलवलंस. ती म्हणाली, त्याला बोलवलं असतं तर संध्याकाळपर्यंत फाट्यावर सगळ्यांना कळलं असतं. भावजी कुणाला सांगनार? तुमच्याबद्दल ते कुणाशीच बोलत न्हाईत.

हे खरं होतं. मला ते आवडलं नाही, पण खरं होतं.

मी म्हणालो, त्या येड्याला एवढं कळत नाही की फिल्टर रबरावर बसतो, आट्यांवर नाही. सफेद्यानं काही होत नाही, धाग्यानं काही होत नाही. नुसता जोरात आवळला असता तरी थेंब थांबला असता.

ती म्हणाली, "तुमी आवळलाच हुता की."

मी गाडीशी परत आलो. खड्ड्यात उतरलो आणि नळीच्या आट्यांमधून धागा काढायला बसलो. सफेदा दगडासारखा झालेला. मोठे तुकडे निघाले, पण आट्यांच्या खोबणीत बारीक तंतू राहिले होते आणि ते मला दिसत नव्हते. बॅटरी जवळ नेली तर चमक यायची, लांब नेली तर अंधार. बोटाला लागायचे पण डोळ्याला नाही. एक जरी तंतू राहिला तर नवा डबा बसवायची सोय नव्हती. वरून बायको फोनवर बोलताना ऐकू आली. "भावजी, जरा या. कळलंय त्यांना."

मी तिला अडवू शकलो असतो. अडवलं नाही, हेही लिहून ठेवतो.

तो आला तो बोअरच्या कामाला डोक्याला बांधतात ती बॅटरी बांधूनच. माझ्याकडं पाहिलं नाही. सरळ खड्ड्यात उतरला. तो खड्डा मी एका माणसाच्या मापानं खणलाय. दोन म्हातारे त्यात उभे राहिले की कोपराला कोपर लागतं, हे टाळता येत नाही. त्यानं माझ्या बायकोकडून दाभण मागून घेतला आणि आट्यांतून तंतू उचलू लागला. मी फडकं धरलं. एकेक तंतू तो माझ्या फडक्यावर आणून ठेवत होता.

"धागा आत गेला असता तर इंजिन बसलं असतं," मी इंजिनाकडं बघत म्हणालो.

"गेला का?"

"न्हाई."

"मग. माझा धागा आजपत्तुर कधी सुटला न्हाई."

थोड्या वेळानं मी विचारलं, डब्यावर दात कशाला उठवलेस.

"चिंधी गुंडाळायची ऱ्हायली. वहिनी लई घाई करत हुत्या. म्हनत हुत्या, ते येतील, ते येतील. मला वाटलं तू खर्ड्याहून पळतच येतोयस."

मला हसू आलं ते मी खोकल्यात घातलं. तोही खाली मान घालून दाभणाशी काहीतरी करत बसला. बाभळीचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही.

आटे स्वच्छ झाले. त्यानं फुंकर मारली, बोट फिरवलं, मला म्हणाला, फिरव तू पण. मी फिरवलं. गुळगुळीत लागलं. नव्या डब्याच्या रबराला मी ऑइल चोळलं आणि डबा चढवला. रबर टेकलं. मग माझ्या नेहमीच्या मापानं आवळला, हात थांबेपर्यंत. आयुष्यभर आवळत आलो तसा.

तो म्हणाला, "बगू?"

मी म्हणालो, पाना लावायचा नाही. तो म्हणाला, न्हाई लावत. आणि धागा नाही. न्हाई. मी बाजूला सरकलो, म्हणजे जेवढं सरकता येतं तेवढं.

त्यानं नुसता पंजा लावला आणि फिरवलं. मी जिथं थांबलो होतो तिथून डबा पुढं फिरला. थोडाथोडका नाही. डब्यावर छापलेली अक्षरं माझ्या समोरून निघून इंजिनाच्या बाजूला गेली आणि तिथं थांबली. मला ते दिसलं, त्याला दिसलं. त्यानं खिशातून तंबाखू काढली. मी हात पुसले, ते आधीच पुसलेले होते.

तो माझ्याहून फार लहान नाही. पण रोज लोखंडी पाईप आवळतो. एवढंच मी त्या वेळी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नाही.

ऑइल भरलं, गाडी चालू केली. खाली पांढरा कागद टाकला आणि तिघंही त्याच्याकडं बघत राहिलो. कोरडा. बायकोनं चहा आणला. भावानं तो खड्ड्याच्या कडेला उभ्यानंच घेतला, ओसरीवर ये असं मी म्हणालो नाही आणि तो आला नाही. कप धुऊन ठेवला आणि बांधावरून गेला.

रविवारी मुलगा आला. मला वाटलं होतं तसंच झालं, चपला काढायच्या आधी तो गाडीखाली वाकला. कागद उचलून उन्हात धरला. मग हात आत घालून फिल्टरला बोट लावलं, बोट पाहिलं.

"कोरडं आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडं पाहिलं. डोळे त्याचे माझेच आहेत, सहज काही मानत नाहीत. "कुणी आवळला, तात्या?"

बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं. 'मी' एवढं म्हटलं असतं तर विषय तिथं संपला असता. पण खोटं बोलून ठेवलेली किल्ली मला रोज खिशात टोचली असती.

"तुझ्या काकानं."

त्यानं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, म्हणजे तुम्हाला आता आवळता येत नाही.

"थेंब हाय का?"

"नाही."

"आपलं थेंबाचं ठरलं हुतं. हाताचं ठरलं न्हवतं."

सून आत हसली. मुलगा हसला नाही, पण त्यानं हातही पुढं केला नाही. किल्ली माझ्या बनियनच्या खिशात राहिली. त्याच संध्याकाळी मी बायकोला पुढच्या सीटवर बसवून तिच्या बहिणीकडं नेऊन आणलं.

मुलगा पुण्याला निघताना आधी बांधापलीकडं जाऊन आला. काकाशी त्याचं काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारणार नाही. पण तेव्हापासून भाऊ काही ना काही निमित्त काढून गोठ्याकडून जातो. कधी विळा मागायला, कधी वासरू बघायला. जाताना गाडीच्या खाली एक नजर टाकतो, मला दिसत नाही असं समजून. माझा पक्का संशय आहे, की पोरानं त्याला नेमलंय, आणि बायकोला ते ठाऊक आहे. तिला विचारलं तर म्हणते, तुमाला सगळीकडं तेच दिसतं.

मी भावाला बोलवत नाही. फिल्टर बदलायचा दिवस आला, की गाडी खड्ड्यावर घ्यायच्या आधी बांधाजवळ उभी करतो आणि इंजिन जरा जास्त वेळ चालू ठेवतो. बस्स. यायचं असेल तर येतो.